थंड गाडी

ज्योत बुडाशी जवळजवळ दिसतच नव्हती. मधे ती पातळ निळी होती, आणि वर, जिथं तांब्याची जाळी तापून लाल झाली होती तिथं, तिला बारीक नारिंगी कड आली होती. हिरवं कुठंच नव्हतं. सत्यवती स्टुलासमोर उकिडवी बसून त्या कडेकडे पाहत होती. वारा लागू नये आणि भर दुपारी थोडा अंधार व्हावा म्हणून पोर्चला तिन्ही बाजूंनी सतरंज्या टांगल्या होत्या. उकाड्यानं तिची मान भिजली होती, पण पदरानं वारा घेतला तरी ज्योत हलली असती, म्हणून ती हात गुडघ्यांवर ठेवून स्वस्थ होती. स्पिरिटच्या दिव्याला जिथून हवा मिळते त्या भोकाला तिनं एक लांब रबरी नळी जोडली होती. त्यामुळं दिवा पेट्रोलपासून दूर स्टुलावर राहायचा, आणि नळीचं दुसरं टोक गाडीखाली आडव्या झालेल्या अंबाजीच्या हातात असायचं. जिथं ते टोक धरावं तिथली हवा दिव्यात ओढली जायची. त्या हवेत थंड करणाऱ्या गॅसचा अंश जरी असला तरी तापल्या तांब्यावरून जाताना ज्योत हिरवी व्हायला हवी होती. अंबाजी एकेका जोडापाशी नळी धरून खालून विचारायचा, "हिरवी?" आणि ती सांगायची, "निळीच." सकाळपासून हेच चाललं होतं.

गाडी हिम्मतरावांची होती. नांदेडकडच्या देशमुखीतलं हे घराणं हैदराबादेत हिमायतनगरच्या बंगल्यात राहायचं, आणि जहागिरी गेल्या तरी त्यांच्याकडं शेती आणि हौस दोन्ही शिल्लक होतं. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून त्यांनी ही लांबलचक अमेरिकन गाडी आणली ती आईसाठी. जयवंताबाईंना दम्याचा विकार होता. त्यातून त्या जुन्या गोषातल्या. गाडीच्या काचा बंद, काचांवर पडदे, आणि उन्हाळ्यात आत भट्टी. थंड हवेची गाडी हा त्यावरचा उपाय होता, आणि पहिले काही महिने तो लागू पडला. मग हवा कोमट यायला लागली. अंबाजी सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या पलटणीच्या शीतगृहावर काम शिकलेला माणूस. त्यानं गॅस भरला. महिन्या-दोन महिन्यांत तो निघून गेला. पुन्हा भरला, पुन्हा गेला. आता गावाकडं वैशाखात जयवंताबाईंच्या नातीचं लग्न होतं, दिवसभराचा प्रवास होता, डॉक्टरांनी आगगाडीला साफ नाही म्हटलं होतं, आणि गॅसची एकच टाकी हाताशी राहिली होती. दुसरी मुंबईहून यायला लग्न उलटून गेलं असतं. अंबाजीनं हिम्मतरावांना सांगितलं होतं, "गॅस कुठून जाऊ लालाय तेच कळंना साब. साबणाचं पाणी लावून थकलो, एक बुडबुडा नाही. गोऱ्यांकडं एक दिवा राहायचा, हिरवा होणारा. तो असता तर बात अलग होती." त्या वेळी हणमंतराव, सत्यवतीचे थोरले भाऊ, तिथंच बसले होते. ते म्हणाले, असला दिवा आमची सत्या करील, कॉलेजात रसायन शिकवते ती. घरी येऊन त्यांनी तिला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो पाहून तिनं नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

सकाळपासून तिच्या मनात त्या यंत्राविषयी आदर साठत गेला होता. पाठ्यपुस्तकातून तिनं हे चक्र शिकवलं होतं, फळ्यावर बाणांसह काढलं होतं, पण एका गाडीच्या पोटात ते वळणं घेत बसलेलं तिनं पहिल्यांदा पाहिलं. इंजिनाशेजारी गॅस दाबला जातो आणि तापतो. पुढच्या जाळीत वाऱ्यानं निवतो आणि द्रव होतो. गाडीच्या तळाखालून बोटभर नळीतून मागं डिकीत जातो. तिथं मागच्या सीटच्या पाठीमागं असलेल्या पेटीत एकदम मोकळा होऊन पुन्हा वायू होतो आणि होता होता भोवतालची उष्णता पिऊन टाकतो. मग परत पुढं. काही जळत नाही, काही संपत नाही. एकदा आत घातलेला गॅस पिढ्यान्‌पिढ्या तोच फिरू शकतो, अट एवढीच की वाटेत कुठं भोक नको. आणि अंबाजीचंही तिला कौतुक वाटत होतं. तो नळी जोडाखाली धरायचा, वर नाही. गॅस हवेपेक्षा जड, खाली ओघळणार, हे तिनं न सांगता त्याला ठाऊक होतं. तिनं दिव्याचं भोक आणखी लहान करावं असं सुचवलं तेव्हा त्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "हौ बाई, खरंय. ओढ वाढंल." दोघांनी एकमेकांना फारसं विचारलं नव्हतं की सांगितलं नव्हतं. अशा शांततेत काम करण्याची सवय तिला प्रयोगशाळेनं लावली होती, आणि घरी तिला ती कधी मिळत नव्हती.

सतरंजीपलीकडं व्हरांड्यात हणमंतराव आणि हिम्मतराव बोलत होते. शब्द तुटक यायचे, पण विषय तिला पाठ होता. गेले काही महिने हैदराबादेतल्या प्रत्येक मराठी घरात तोच होता. राज्याचे तीन तुकडे होणार, मराठी जिल्हे मुंबईकडं जाणार, सरकारी नोकरांनी आपापली पसंती कळवायची. हणमंतराव महसूल खात्यात होते. त्यांचं औरंगाबाद ठरलं होतं. वहिनींनी तांब्याची भांडी बांधायलाही घेतली होती. सत्यवतीचं काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. दादांनी स्वतः तीन-चारदा विचारलं होतं. तिकडं कॉलेज आहे, तिथल्या प्राचार्यांना मी भेटलो, तुला घेतील. सोमवारी तुझ्या खात्यात काय कळवायचं ते सांग. आणि दर वेळी ती म्हणाली होती, बघते. यात कपट नव्हतं. दादा विचारायचे तेव्हा ते तिच्याकडं पाहायचे, आणि त्या चेहऱ्यावर सगळं दिसायचं. वडिलांनी, अण्णांनी, मुलीला कॉलेजात घालायला नकार दिला तेव्हा पंचविशीतला दादा जेवणावरून उठून गेला होता ते. तिच्यासाठी जमलेलं स्थळ, हिला शिकवणं सोडायला लावणार म्हणून, त्यानंच मोडलं ते. जातीतल्या लोकांनी तोंडावर म्हटलं होतं, बहिणीला प्रोफेसरीण करून घरात ठेवा म्हणजे झालं. त्यावर तो हसला होता ते. एवढं सगळं ज्या चेहऱ्यावर आहे त्या चेहऱ्याकडं पाहून नाही कसं म्हणायचं, हे तिला अजून जमलं नव्हतं. आपल्याला काय हवं आहे हे ठाऊक नसतं तर ते सोपं झालं असतं.

ज्योत निळी होती. ती पाहता पाहता तिला वाटलं, हिरव्या ज्योतीला आपण मनातल्या मनात अजून सब्ज शोला म्हणतो. तिचं रसायनशास्त्र उर्दूत झालं होतं. मूलद्रव्याला उन्सुर, संयुगाला मुरक्कब, आम्लाला तुर्शा. घरी मराठी, बाजारात दखनी, पण पदार्थांच्या आतलं जग तिला ज्या भाषेत उघडलं ती ही. वर्गात मुली बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसायच्या. गुरुजी दिसायचे नाहीत, त्यांचा आवाज यायचा, सावकाश, एकेक अक्षर वेगळं, आणि पडद्याच्या फटीतून टेबलाचा एक कोपरा दिसायचा, ज्यावर दिवा असायचा. ते म्हणायचे, पहले शोला साफ करो, फिर आँख पर भरोसा. तांब्याची तार आधी इतकी तापवा की तिचा स्वतःचा रंग जळून जाईल. मगच ती दुसऱ्याविषयी खरं सांगेल. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, शिकवण्याची भाषा इंग्रजी झाली, गुरुजी दूर कुठं मुलाकडं निघून गेले, आणि तिनं त्याच टेबलामागं उभं राहून सगळं पुन्हा नव्या शब्दांत शिकवायला घेतलं. मुली अडखळल्या की ती हळूच जुना शब्द सांगायची आणि त्यांचे डोळे उजळायचे. औरंगाबादेत हे कुणाला लागणार होतं? पण तिथं जाणं म्हणजे हे सोडणं, एवढ्यावरच ती थांबायची. पुढचं वाक्य मनात पूर्ण होऊ द्यायची नाही.

अंबाजी गाडीखालून बाहेर आला. पाठीला तेल-धूळ लागलेली, चेहरा उतरलेला. तो म्हणाला, पुढचे सगळे झाले, तळाचे झाले, डिकीतले दोनदा झाले. "गाडी ठीक आहे बाई. गाडी म्हणते मला काही झालंच नाही." हे तो थट्टेनं म्हणाला, पण सत्यवती त्यावर थबकली. उभ्या गाडीत गळत नसेल. मग गाडी चालते तेव्हा काय वेगळं होतं? तिनं विचारलं, शेवटचा गॅस भरल्यावर गाडी कुणी चालवून पाहिली. अंबाजी म्हणाला, त्यानं आणि हिम्मतरावांनी, गंडीपेटच्या तलावापर्यंत. हवा बर्फासारखी होती, आल्यावर दाब तसाच. आणि त्यानंतर? त्यानंतर आईसाहेब दर गुरुवारी बेगम बाजारात बहिणीकडं जायच्या. सत्यवती स्टुलासमोरून उठली. गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या. दोन वर्षं पुरुषांनी ही गाडी तपासली होती, पुढच्या सीटवर बसून. मागं बसणाऱ्या बाईला कुणी काही विचारलंच नव्हतं.

जयवंताबाई आतल्या खोलीत ओल्या वाळ्याच्या पडद्याशी बसल्या होत्या. कोरड्या अंगाच्या, ताठ, श्वास घेताना खांदे किंचित वर उचलणाऱ्या. सत्यवतीनं विचारलं, तुम्ही गाडीत कशा बसता, काय काय करता, ते मला दाखवाल का? त्या म्हणाल्या, "मला बसायला काय येतं त्याचीबी परीक्षा आहे का, पोरी?" आणि उठल्या. घरात वर्दी गेली. हणमंतराव आपण होऊन अंगणापलीकडं चिंचेखाली गेले, त्यांच्या सोबतीला हिम्मतराव, आणि अंबाजी कंपाउंडच्या भिंतीमागं. आता पोर्चमध्ये दोघीच होत्या. नळी धरायला कुणी नव्हतं, म्हणून सत्यवतीनं तिचं टोक डिकीत त्या पेटीखाली सुतळीनं बांधलं आणि ती दिव्यापाशी येऊन बसली. भिंतीपलीकडून अंबाजी विचारत होता, "बाई, जाळी लाल आहे का बराबर?" तिनं हो म्हणून सांगितलं.

जयवंताबाई आत बसल्या. दार लावलं. ज्योत निळी. त्यांनी डावीकडचा पडदा ओढला, मग उजवीकडचा, निळी. मग त्या अर्ध्या वळल्या आणि पाठीमागच्या काचेचा पडदा ओढायला लागल्या. तो पितळी दांडीवर होता, आणि शेवटी चार बोटं फट राहायची. ती फट त्यांना चालत नव्हती. मागून येणाऱ्या गाडीतला माणूस बघतो म्हणे. त्यांनी दांडी मुठीत धरली आणि सगळा जोर लावून हिसका दिला. ज्योत हिरवी झाली. हळूहळू नव्हे, एकदम, बुडापासून टोकापर्यंत, मोरपिसाच्या आतल्या डोळ्यासारखी, आणि अर्ध्या श्वासात पुन्हा निळी. सत्यवतीनं पुन्हा ओढायला सांगितलं. पुन्हा हिरवी. तिला वाटलं ते दुःख नाही, आनंदही नाही, एखादी गोष्ट जशी आहे तशी समोर आल्यावर येतो तो एक स्वच्छ गारवा. भिंतीपलीकडून अंबाजीनं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "हिरवी, अंबाजी. पडद्याची दांडी." तिकडून तो मोठ्यानं हसला. असं हसणं तिनं त्याच्याकडून दिवसभरात ऐकलं नव्हतं.

दांडी गाडीबरोबर आलेली नव्हती. गाडी आली त्याच आठवड्यात घरच्या सुतारानं ती बसवली होती, जशी तो टांग्याला आणि आधीच्या फोर्डला बसवत आला होता, लांब स्क्रूनं, पक्की. सत्यवतीनं डिकीत वाकून पाहिलं, तर त्यातला एक स्क्रू मागच्या फळीतून खाली उतरून पेटीतल्या नळीच्या वळणात रुतला होता. त्यानं केलेलं भोक तोच बुजवून बसला होता, पण महिनोन्‌महिने हिसके बसून जरासा सैल झाला होता. गाडी उभी असो की पळो, तो हलत नव्हता. हिसका बसला की मात्र दांडी उचलायची, स्क्रू केसभर सरकायचा आणि गॅस निसटायचा. सत्यवती भिंतीपलीकडच्या अंबाजीला हे सांगत होती ते जयवंताबाई गाडीत बसूनच ऐकत होत्या. "म्हणजे दोन वर्षं मीच सोडू लाले होते तर," त्या म्हणाल्या. लाजल्या नाहीत, कुणावर चिडल्याही नाहीत. मग म्हणाल्या की सुताराला आखूड स्क्रू द्या आणि पडदा चार बोटं रुंद शिवा; फट राहायला नको. सत्यवतीला त्या सरळपणाचं नवल वाटलं. या बाईला बदलायचं नव्हतं, आणि बदलायचं नाही हे त्या कुणाला पटवून देत बसत नव्हत्या. श्वास सावरायला त्या आणखी थोडा वेळ तशाच बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, हणमंतराव म्हणतात तूबी औरंगाबादला जायलीस, खरं का? सत्यवती म्हणाली, मी अजून दादांना काही सांगितलेलं नाही. "त्यांना नाही सांगितलंस. तुझं तुला तरी सांगितलंस का?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले, जणू उत्तराची त्यांना गरज नव्हती.

संध्याकाळपर्यंत अंबाजीनं जे केलं ते सत्यवती बाजूला बसून नुसतं पाहत राहिली. उरलेला गॅस त्यानं आधी उघड्यावर सोडून दिला. आत गॅस असताना आच लावली तर विषारी धूर होतो, हे ती सांगणार तोच त्यानं नळीचं तोंड उघडलं होतं. स्क्रू काढल्यावर दिसलेलं भोक राजगिऱ्याच्या दाण्याएवढं होतं. त्यानं नळी पॉलिश कागदानं घासून सोन्यासारखी केली, तिच्यावर बसेल असा जरा मोठ्या नळीचा तुकडा कापून चढवला आणि दोन्ही कडांना चांदीची झाळ दिली. ज्योत नळीवर फिरवताना तो श्वास रोखत होता. चांदी आधी कडेवर गोळी होऊन बसली, मग एकाएकी पाण्यासारखी झाली आणि फटीत शिरून दिसेनाशी झाली, आणि त्या क्षणी त्यानं आच काढली. पळभर अलीकडं नाही, पलीकडं नाही. मग पंप लावून आतली सगळी हवा ओढली, यंत्र तसंच ठेवून काटा हलत नाही ना पाहिलं, आणि शेवटची टाकी उघडली. दिवा पुन्हा लावला. सुतारानं आखूड स्क्रू बसवले, आणि जयवंताबाईंनी पुन्हा येऊन आपल्या पद्धतीनं हिसके दिले. ज्योत निळी राहिली. सत्यवतीनं दिवा विझवला तेव्हा तिला वाटलं, आपण आज कुणावर उपकार केले नाहीत आणि कुणी आपल्यावर केले नाहीत. फक्त एक काम जसं व्हायला हवं तसं झालं. असे दिवस आयुष्यात किती येतात? आणि ते याच गावात येतात, म्हणून आपल्याला इथून जायचं नाही, हे वाक्य या खेपेला मनात पूर्ण झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिम्मतरावांनी सगळ्यांना चक्कर मारायला नेलं. अंबाजीला सिकंदराबादेत घरी सोडायचं, म्हणजे गाडीची परीक्षाही होईल. पुढं हिम्मतराव, अंबाजी, हणमंतराव. मागं जयवंताबाई आणि सत्यवती. मागं तिन्ही बाजूंना पडदे, आणि पुढच्या-मागच्या सीटमध्येही एक जाड, मरून रंगाचा. हुसेनसागरच्या बांधावर ऊन पाण्यावरून उसळत असणार; आत मात्र पहाटेसारखं गार होतं, आणि जयवंताबाईंचे खांदे उचलले जात नव्हते. पुढं अंबाजी हवेच्या झडपेवर हात धरून समाधानानं काहीतरी पुटपुटत होता. सिकंदराबादेत तो उतरला. खिडकीशी येऊन, पडद्याकडं न पाहता, म्हणाला, "येतो बाई. तो दिवा मला द्या कधीतरी, कॉलेजचं नुकसान नसंल तर." ती म्हणाली, कॉलेजात या, तिथंच नवा करू.

परतीच्या वाटेवर गाडी संथ चालली होती. पुढं दोघं बाजारभाव बोलत होते. जयवंताबाईंनी डोळे मिटले होते, पण त्या झोपल्या नव्हत्या. बोटं पदराच्या काठावरून फिरत होती. मग दादांचा आवाज आला. ते मागं वळू शकत नव्हते, परक्या बाईच्या पडद्याकडं पाहणं बरं नव्हतं, म्हणून ते समोरच्या काचेशी बोलावं तसं बोलले, जरा मोठ्यानं, नेहमीसारखं हळुवार. हिम्मतराव म्हणतात, कालचं काम बघून तिकडचे प्राचार्य तुला डोक्यावर घेतील. उद्या सोमवार आहे, सत्या. काय लिहू? सत्यवतीला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त आवाज होता, आणि त्या आवाजात तिला पहिल्यांदाच ऐकू आलं की हा माणूसही कित्येक महिने एका उत्तराची वाट पाहत थकला आहे. त्याला ते कोणतं का असेना, हवं आहे. त्यानं आपल्याला शिकवलं ते आपण त्याच्या मागं मागं जावं म्हणून नव्हतं. तसं असतं तर त्यानं लग्नच लावून दिलं असतं. गार हवा गुडघ्यांवर येत होती. तिनं हात मांडीवर एकावर एक ठेवले.

"दादा," ती म्हणाली, आणि आवाज आपला आहे हे कळायला तिला क्षण लागला, "औरंगाबाद लिहू नका. मी इथंच राहणार आहे. एकटी. मी विचारत नाही, दादा, तुम्हाला सांगते आहे."